मोटारीचे चाक कुरकुरते तेव्हा

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले, की आपण आसाला वंगण लावतो. कुरकुर थांबते. मोटारीचे तसे नाही. हे आम्ही फजिती होऊन शिकलो.

आमच्या पुतण्याने जुनी मोटार घेतली. नायगावहून नरसीला निघालो. पुढची चाके चीं चीं करू लागली. पुतण्या म्हणाला, "काका, थोडं तेल सोडू का?"

आम्ही म्हणालो, "सोड की! बैलगाडीला सोडतोच ना आपण."

तेवढ्यात रस्त्याकडेचा मिस्त्री धावत आला. म्हणाला, "गुरुजी, थांबा! तेल ब्रेकवर गेलं तर गाडी थांबायची नाही!"

मग त्याने चाक खोलून दाखवले. आत लोखंडी तबकडी होती. तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला, की दोन पॅड तिला दोन्हीकडून आवळतात. त्या घासण्यानेच गाडी थांबते. तेल लागले, की पॅड घसरतात. आमचे पॅड पार झिजले होते.

ही कुरकुर जुनी आहे. १९०२ साली इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरने अशा ब्रेकचे पेटंट घेतले. त्याचे पॅड तांब्याचे होते. ते फार किंचाळत.

आवाज केव्हा येतो, ते ऐकावे :

१. गाडी रात्री पावसात भिजली. सकाळी चीं झाले. दोन-चारदा ब्रेक दाबताच थांबले. तबकडीवर थोडा गंज असेल. भिऊ नये.

२. रोजच चीं चीं होते. पॅड झिजले असतील. काही पॅडना पोलादी पट्टी असते. पॅड झिजला, की ती तबकडीला घासून ओरडते. लवकर दाखवावे.

३. ब्रेक दाबताच खर्र खर्र होते. लोखंडावर लोखंड घासत असेल. गाडी जागीच उभी करावी.

४. घूं घूं आवाज वेगाबरोबर वाढतो, वळणावर बदलतो. बेअरिंग खराब झाले असेल.

५. खड्ड्यात कुईं कुईं होते. चाकाजवळचे रबरी बुश किंवा सांधे झिजले असतील.

पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. ती छातीला वाईट.

जुनी गाडी घेताना आधी काचा खाली करून चालवून पाहावी. रंग डोळ्यांना भुलवतो. चाक मात्र खरे बोलते.

सांगा पाहू :
१. ब्रेकला तेल का लावू नये?
२. कोणता आवाज आला तर गाडी जागीच थांबवावी?