कालचाच भाव का दिसतो?

प्रश्न : आमची तुरीची अडत आहे. दुकानाच्या संकेतस्थळावर मुलगा रोज सकाळी नवा भाव चढवतो; त्याच्या संगणकावर तो दिसतो, माझ्या मोबाईलवर मात्र कालचाच. उपाय सुचवावा. — एक अडते, दुधनी (ता. अक्कलकोट)

उत्तर : चिरंजीवांच्या कामात कसूर दिसत नाही. एकदा पाहिलेले पान पुन्हा दुरून आणावे लागू नये, या हेतूने ब्राउझर त्याची नक्कल दप्तरी ठेवतो, आणि तिची जी मुदत संकेतस्थळाने सेकंदांत नेमून दिलेली असते (८६,४०० म्हणजे पुरते २४ तास) ती सरेपर्यंत सर्व्हरकडे चौकशीही न करता तीच आपणांपुढे रुजू करतो. क्रोममध्ये ‘ब्राउझिंग डेटा हटवा’ येथे जाऊन केवळ कॅशवर, म्हणजे या नकलांच्या साठ्यावर, खूण ठेवावी. कुकीजवरील खूण अवश्य काढावी, अन्यथा ठिकठिकाणचे लॉगिन जाऊन ओटीपीची यातायात नव्याने पदरी पडेल.

तथापि हा इलाज आपल्या एकट्यापुरता. कलबुर्गीच्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधील शिळी नक्कल त्याने हटत नाही, आणि रोज उठून कॅश पुसण्याची सवय मला तरी नापसंत आहे. म्हणून भावाच्या पानापुरता ‘नो-कॅश’ हा हुकूम सर्व्हरवरच द्यावा. त्यायोगे ब्राउझर नक्कल बाळगतो खरा, परंतु दाखविण्यापूर्वी दर वेळी खातरजमा करतो, आणि फरक नसल्यास सर्व्हर ३०४ एवढेच त्रोटक उत्तर धाडतो, ज्यात डेटा नाममात्र खर्ची पडतो. वर्डप्रेसचे कॅश-प्लगिन किंवा सीडीएन (पानाच्या नकला ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) वापरात असल्यास भाव बदलताच तेथील साठाही चिरंजीवांनी रिकामा करावा.