पोरांच्या पाठीवरचा पंप आधी उतरवा

पावसानं उघडीप दिली, कपाशी छातीला लागली आणि तुडतुडे, फुलकिडे, बोंडअळीच्या धास्तीनं भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत सगळीकडे एकदमच फवारणी सुरू झाली आहे. कोणत्या किडीला काय मारायचं हे तुम्हाला ठाऊक आहे. आज विचारायचं आहे ते एवढंच, की पंप कोणाच्या पाठीवर आहे? मजूर मिळत नाही म्हणून अकरावी-बारावीची पोरं पंपामागे पैसे ठरवून रानात उतरवली जात आहेत. जितके पंप, तितके पैसे. मग पोरगं ना ऊन बघतं, ना वारा. ही पद्धत ताबडतोब बंद करा.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी माणसाच्या उंचीला आलेली, हवा दमट, जोरदार दाबाचे पंप आणि टाकीत दोन-तीन औषधांचं मिश्रण. यातलं काय आपल्या जालन्यात नाही? कोवळ्या पोराचं वजन कमी, त्यामुळे तेवढंच विष त्याला जास्त बाधतं.

दुकानदारानं सांगितलं म्हणून कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच टाकीत ओतणाऱ्यांना किती वेळा सांगायचं? त्यानं कीड जास्त मरते असं नाही, खर्च आणि धोका मात्र नक्की वाढतो. तोंडाला बांधलेला रुमाल तर फवाऱ्यानं भिजतो आणि तेच विष नाकाशी धरून ठेवतो.

अंबड तालुक्यातला एक पोरगा आठवतो. नोझल तुंबलं, त्यानं तोंडानं फुंकून साफ केलं. दुपारी घाम, मळमळ, तोंडातून लाळ. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून लिंबूपाणी दिलं, मग मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला लावली. दवाखान्यात नेलं तेव्हा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टर बाटली मागत होते आणि बाटली बांधावरून ओढ्यात फेकलेली. पोरगा वाचला, पण कित्येक तास वाया गेले. बाटली एवढी महत्त्वाची का? ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाला ॲट्रोपिन चालतं, पायरेथ्रॉइडला असा ठरलेला उतारा नाही. लेबल हाती नसेल तर डॉक्टरला अंदाजानं चालावं लागतं.

म्हणून दूध, ताक, चिंचेचं पाणी यांच्या नादी लागू नका. ओकारी काढू नका, औषधातलं तेलकट द्रावण फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. माणसाला रानाबाहेर आणा, भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

मोठ्या माणसानंही हातमोजे, चष्मा, मास्क, पायात बूट घालूनच सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याची दिशा बघून फवारावं. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेल्या औषधांना शक्यतो हात लावू नका. फवारलेल्या रानात दुसऱ्याच दिवशी निंदायला बायका-पोरं धाडू नका. लेबलवर सांगितलेले दिवस जाऊ द्या.

१४ वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर ठेवणं हा गुन्हाच आहे. पण माझं सांगणं त्यापुढचं आहे: १८ पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही पोराच्या पाठीवर पंप चढवू नका, स्वतःच्या घरचा असला तरी. माणूस मिळेपर्यंत फवारणी दोन दिवस थांबली तरी चालेल.