आधी गाडी पडवीतून बाहेर काढ

अगं, काल फोनवर सगळं बोलून झाल्यावर तू सहज म्हणालीस, "पडवीत पेट्रोलचा वास येतो गं, पण आता सवय झालीय." त्या एका वाक्यापायी रात्रभर माझा डोळा लागला नाही. कार्बोरेटरचं मागाहून बोलू. आधी गाडी पडवीतून बाहेर काढ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. आपल्या पडवीपासून न्हाणीची चूल किती लांब? दहा पावलंसुद्धा नाही. पहाटे आई पाणी तापवायला काटक्या पेटवते तेव्हा ती वाफ कुठवर आलेली असेल, कुणाला दिसणार? पेरूखाली उभी कर गाडी, वरून मेणकापड टाक, आणि रात्री पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरू नकोस. आबा होते तेव्हा गाडीवरून उतरता उतरताच त्यांचा हात कॉककडे जायचा, आठवतं ना?

आता फिटरचं. कार्बोरेटरच बदलावा लागेल असं तो म्हणाला. लागेलही कदाचित. पण गळतंय कुठून ते त्याने बघितलं का? तू म्हणालीस, नुसता वास घेऊन सांगितलं. मग थांब जरा, पैसे देऊ नकोस. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं आणि कार्बोरेटर उघडून बसणारे हात कमी होत चालले. नवा बसवून देणं सोपं पडतं. त्याचा राग धरू नकोस, पण तुझ्या गाडीचं दुखणं तुला कळायला हवं. सीडी हंड्रेड १९८५ मध्ये आली, स्प्लेंडर १९९४ मध्ये, तेव्हापासून आपल्या खोऱ्यात दूध, खत, आजारी माणूस, सगळं या शंभर सीसीच्या गाड्यांनीच वाहिलंय. आत फार काही गूढ नाही त्यांच्या.

सकाळी, इंजिन गार असताना, उजेडात बस. कार्बोरेटर, पेट्रोलची नळी, कॉक, सगळं कोरड्या फडक्याने पुसून घे. खाली वर्तमानपत्र अंथर. मग कॉक उघड आणि नुसती बघत राहा. थेंब पडतो कुठे ते बघू नकोस, पहिला ओलावा उमटतो कुठे ते बघ. वरच्या नळीतून झिरपलेलं पेट्रोल कार्बोरेटरवरून ओघळत खालच्या टोकाशी येऊन टपकतं आणि दोष कार्बोरेटरवर येतो. कितीतरी वेळा बिचाऱ्याची काही चूक नसते, नळीच वयाने कडक होऊन चिरलेली असते.

खालची वाटी, म्हणजे बाउल, जिथे वरच्या भागाला जोडलेली असते त्या सांध्यातून ओल येत असेल तर आतली रबरी रिंग दबलीय. ती बदलली की काम झालं. पण खालच्या बारीक नळीतून टपटप होत असेल, आणि तुझ्या सांगण्यावरून मला तेच वाटतंय, तर तो ओव्हरफ्लो.

हे नीट समजून घे, मग आपोआप धीर येईल. भाटघरचे स्वयंचलित दरवाजे पाहिलेस ना? पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपले आपण उघडतात. कार्बोरेटरमध्ये याच्या उलट आहे. बाउलमध्ये पेट्रोल चढलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर येतो आणि एक छोटी निडल वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. निडलच्या टोकाशी कचरा अडकला, टोक झिजलं किंवा फ्लोटला भोक पडून तो जड झाला, तर वाट बंद होत नाही. पेट्रोल येतच राहतं आणि जादाचं त्या नळीने बाहेर पडतं. म्हणून ती नळी कुणी बोळा घालून बंद करायला सांगितली तर मुळीच ऐकू नकोस. मग ते पेट्रोल इंजिनात शिरेल.

एक मेख आहे. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ड्रेन स्क्रूचं पेट्रोलही त्याच नळीने येतं. मग ओळखायचं कसं? कॉक बंद कर. ओव्हरफ्लो असेल तर बाउलमधली पातळी जराशी उतरली की टपटप थांबते. ड्रेन स्क्रू सैल असेल तर बाउल रिकामा होईपर्यंत चालू राहते.

दोष ड्रेन स्क्रूचा निघाला तर तो हळूच आवळ. मी तरुणपणी एकदा सगळा जोर लावून आवळला होता. कार्बोरेटरचा धातू मऊ असतो, आटे गेले, आणि आबांना नवा बाउल शोधत पुण्याला जावं लागलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला अजून लागून राहिलंय ते.

निडल अडकली असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाउलवर बाजूने दोन-तीन हलके ठोके दे. खूपदा तेवढ्याने कचरा हलतो आणि गळती थांबते. नाही थांबली तर ड्रेन उघडून, कॉक चालू ठेवून, थोडं पेट्रोल वाहू दे. ते काचेच्या बरणीत धर, पाण्याच्या बाटलीत कधीच नको, घरात लेकरं आहेत. बरणी जरा वेळ ठेवून बघ. तळाशी तांबूस गाळ दिसला तर टाकी गंजलीय. खाली वेगळा थर दिसला तर पाणी शिरलंय. लावणीपासून दसऱ्यापर्यंत गाडी उभी होती आणि वेल्ह्याचा पाऊस तुला मी काय सांगू. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. जुन्या गाडीचं रबर त्याचा विचार करून बनवलेलंच नव्हतं. शिवाय उभ्या गाडीत पेट्रोल सुकून चिकट पिवळा थर धरतं आणि निडल त्यात चिकटते.

यातलं काहीही करण्याआधी, आणि किक मारण्याआधी तर नक्कीच, इंजिन ऑइलची काडी काढून बघ. पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करूच नकोस. पातळ झालेल्या ऑइलवर पाबे घाट चढलीस तर इंजिन खाऊन टाकशील. आधी ऑइल बदलायचं. आशाताई म्हणून तुझी वणवण त्या गाडीच्या जिवावर आहे, रात्री कुणी बाळंतीण अडली तर वाडीवर पोचायला दुसरं काय आहे तिथे?

बाउल उघडायचं काम मी येईन तेव्हा करू. एकटीने नको. ते स्क्रू वर्षानुवर्षांचे बसलेले असतात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बरोबर बसलं नाही की डोकी घासतात. फ्लोट कानाशी हलवून बघू, आत पेट्रोल खुळखुळलं तर तो गेला. निडलच्या टोकाला गोल चरा पडला असेल तर ती घासून गुळगुळीत करायची नाही, बदलायचीच, आणि जमल्यास ती जिथे बसते त्या सीटसकट.

रविवारी सकाळच्या गाडीने नसरापूरला उतरते, तिथून मार्गासनीमार्गे येईन. निडल, रिंग आणि हातभर नळी भोरमधून घेऊन येते. तू फक्त कार्बोरेटरवर कोरलेला नंबर फडक्याने पुसून मला वाचून दाखव, म्हणजे दुकानदार दुसरंच काही हातात ठेवणार नाही. आणि गाडी बाहेर काढलीस की लगेच फोन कर. मी वाट बघतेय.