अख्खा ओट शिजायला तासभर का लागतो?

बाजारात ओट्सची जी पाकिटे मिळतात त्यांत बहुधा पोह्यांसारख्या चपट्या पाकळ्या असतात. उकळत्या पाण्यात टाकल्या की पाचसात मिनिटांत त्या शिजतात. पण ओट हे मुळात गव्हासारखे एक तृणधान्य आहे. त्याचे टरफल काढले की आत लांबट, फिकट तपकिरी दाणा मिळतो. हा अख्खा दाणा शिजायला मात्र पाऊण ते एक तास लागतो. धान्य तेच, पाणी तेच; मग वेळेत एवढा फरक का?

मी पहिल्यांदा अख्खे ओट शिजवले तेव्हा कॉलेजला जायची घाई होती, म्हणून गॅस मोठा ठेवला. वीस मिनिटांत पाणी आटले, भांड्याला खाली लागले आणि दाणे कच्चेच राहिले. एक दाणा ब्लेडने आडवा कापून पाहिला. कडेला तो मऊ व अर्धपारदर्शक झाला होता, पण मध्यभागी खडूसारखा पांढरा ठिपका होता. न्याहरी फुकट गेली. प्रश्न मात्र चांगला मिळाला. तो ठिपका का राहिला?

बहुतेक विद्यार्थी सांगतात, "आतपर्यंत उष्णता पोचली नाही म्हणून." हे उत्तर तपासून पाहू.

दाण्यात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, असंख्य सूक्ष्म कण असतात. तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि जवळ पुरेसे पाणी असले, तर हे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची घट्ट रचना मोडते आणि ते मऊ होतात. यालाच आपण शिजणे म्हणतो. म्हणजे शिजण्यासाठी उष्णता आणि पाणी अशा दोन गोष्टी आत पोचल्या पाहिजेत. पांढरा ठिपका म्हणजे यांपैकी एक गोष्ट जेथे पोचली नाही ती जागा.

दाण्याची जाडी साधारण २ मिलिमीटर धरा. पृष्ठभागापासून मध्य झाला १ मिलिमीटर. धान्यासारख्या पदार्थात एवढे अंतर ओलांडायला उष्णतेला सुमारे १० सेकंद लागतात. मिनिटभरात दाण्याचा गाभा जवळजवळ १०० अंशांपर्यंत तापलेला असतो! म्हणजे उशीर उष्णतेचा नाही. उशीर होतो तो पाण्याचा.

पाण्याचा रेणू दाण्यात सरळ रेषेत शिरत नाही. जत्रेच्या गर्दीत सापडलेला माणूस जसा कधी पुढे, कधी मागे, कधी बाजूला ढकलला जातो, तसा तो फुगलेल्या पिष्टातून वाट काढतो. या क्रियेला विसरण म्हणतात. अशा भटकंतीचा एक नियम आहे: अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो; अंतर तिप्पट झाले तर नऊपट. वेळ हा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता ओटची पाकळी पाहा. कारखान्यात दाणे वाफवून रुळांखाली दाबतात. पाकळीची जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर ती दाण्याच्या चौथा हिस्सा झाली. मग वेळ किती? चौथ्या हिश्श्याचा वर्ग, म्हणजे सोळावा हिस्सा! ६० मिनिटांना १६ ने भागा. उत्तर चार मिनिटांच्या आसपास येते. पाकळी आधी वाफवलेली असते व दाबताना तिच्या पेशीही फुटतात, म्हणून हा हिशोब ढोबळ आहे. पण फरकाचे मुख्य कारण त्यातून कळते. आपले पोहे नुसते भिजवून मऊ होतात आणि ज्वारीच्या कण्या अख्ख्या ज्वारीपेक्षा लवकर शिजतात, यामागेही हेच तत्त्व आहे.

मग मोठ्या आचेने काय साधते? उघड्या भांड्यात पाणी एकदा उकळू लागले की त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे: १ ग्रॅम पाण्याच्या वाफेसाठी सुमारे ५४० कॅलरी. एवढ्या उष्णतेत ५.४ ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापले असते. मोठ्या आचेने पाणी लवकर आटते. दाणा लवकर शिजत नाही.

यावर आपल्या घरांत चालत आलेला उपाय आहे. गव्हाच्या खिरीसाठी गहू आदल्या रात्री भिजत घालतात. थंड पाण्यात विसरण सावकाश होते, पण रात्र मोठी असते आणि भिजण्याला इंधन लागत नाही. १ वाटी अख्खे ओट धुऊन ३ वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात उकळी आणा, आच अगदी मंद करा आणि झाकण थोडे तिरपे ठेवा. साधारण अर्ध्या तासात दाणे शिजतात. भांडे मोठे घ्या, कारण ओटमधील बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू पाणी दाट करतो, बुडबुडे लवकर फुटत नाहीत आणि पाणी उतू जाते. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करणारा तंतू तो हाच.

शिजलेला अख्खा ओट भातासारखा गळत नाही. तो दाताखाली किंचित दबतो, मग फुटतो आणि सुक्या मेव्यासारखी चव देतो. दूध-गूळ घालून खा, किंवा मीठ, ताक आणि जिऱ्याची फोडणी घालून. चावून खाल्ला तरी त्याचे पीठ होत नाही, तुकडे राहतात. पाचकरसांनाही त्या तुकड्यांत बाहेरून आत शिरावे लागते, म्हणून तो सावकाश पचतो आणि भूक उशिरा लागते. चुलीवर जो गुण आपल्याला गैरसोयीचा वाटला, तोच पोटात उपयोगी पडतो!

आता प्रयोग करा. अख्खे ओट मिळाले नाहीत तर गहू घ्या. एका भांड्यात भिजवलेले आणि दुसऱ्यात कोरडे दाणे सारख्या आचेवर शिजत ठेवा. दर पाच मिनिटांनी प्रत्येकातले दहा दाणे काढून थंड होऊ द्या, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबा आणि पांढरा ठिपका किती दाण्यांत उरला ते मोजा. वेळ आणि ठिपक्यांची संख्या यांचा आलेख काढा.

शेवटी एक प्रश्न. दाण्याचे मधोमध दोन तुकडे केले, तर शिजण्याचा वेळ चौथ्या हिश्श्यावर येईल का? दाणा लांबट आहे, हे विसरू नका. आधी विचार करा, मग शिजवून पाहा.