मानक क्रमांक १८९३

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी हा तालुक्याचा गाव आहे. भोवताली काळी कसदार जमीन, तिच्याखाली काळा पाषाण आणि तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण, असा हा प्रदेश. दख्खनचे पठार फार पुरातन असून ते अचल आहे, अशी समजूत येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. परंतु २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर कळमनुरी तालुक्यातील व शेजारच्या गावांतील भांडी खणखणली, पत्रे थरथरले आणि माणसे अंगणात धावली. भूकंपमापकावर ह्या धक्क्याची नोंद ४.५ अशी झाली. लोक सावरतात न सावरतात तोच दुसरा, लहानसा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का आला. तो हिंगोली, नांदेड व परभणी ह्या तिन्ही जिल्ह्यांत जाणवला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. मात्र ज्यांची घरे जुनी होती, त्यांनी भिंतींकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले.

भिंत किती जाड असावी? दगडाशी दगड कसा बांधावा? छपराचे ओझे किती असावे? गवंड्याला विचारले तर तो आपल्या वडिलांनी शिकविले तसे सांगेल. दुसऱ्या गावचा गवंडी दुसरे सांगेल. दोघेही प्रामाणिक असतील, परंतु दोघांचे माप निराळे. अशा प्रश्नांची सर्वांना मान्य होईल अशी उत्तरे जाणत्या लोकांनी एकत्र बसून, पारखून, मोजमापासह लिहून ठेवली, म्हणजे त्या लेखाला 'मानक' असे म्हणतात.

आपल्या देशात हे काम करण्यासाठी जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्या काही महिने आधीच, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. विजेच्या दिव्यावर किंवा सिमेंटच्या गोणीवर 'आय. एस. आय.' अशी अक्षरे असत व अद्यापही दिसतात, ती ह्याच संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो ह्या संस्थेकडे आले. संस्थेने पहिला क्रमांक कोणत्या वस्तूला दिला असेल? यंत्राला नव्हे, पोलादालाही नव्हे. 'आय. एस. १' हे १९५१ सालचे मानक आपल्या राष्ट्रध्वजाचे आहे. त्या काळी देशात फूट व इंच चालत. पुढे मेट्रिक मापे आली, तेव्हा १९६४ मध्ये ध्वजाच्या मानकातही त्याप्रमाणे बदल करावा लागला. ध्वज तोच राहिला, मात्र त्याचे माप सांगण्याची भाषा बदलली.

मानक एका रात्रीत तयार होत नाही, आणि ते एकट्याच्या हातूनही होत नाही. अमुक विषयावर मानक हवे, अशी मागणी प्रथम कोणीतरी करतो. ती सरकारी खात्याची असेल, कारखानदाराची असेल किंवा साध्या ग्राहकाचीही असेल. मागणी योग्य वाटली, तर ती त्या विषयाच्या समितीकडे जाते. समितीत निरनिराळ्या बाजूंची माणसे मुद्दाम घेतलेली असतात. माल बनविणारे असतात, तो वापरणारे असतात, प्रयोगशाळेत तो तपासणारे असतात आणि त्या विद्येचे अध्यापकही असतात. केवळ बनविणारेच बसले, तर ते आपल्या सोयीचे लिहितील. केवळ वापरणारेच बसले, तर ते न परवडणारे काही मागतील. सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि ती कित्येकदा फार कंटाळवाणी असते. एका आकड्यासाठी बैठकीमागून बैठका होतात. तथापि हा कंटाळा सोसण्याजोगा आहे, कारण त्या एका आकड्यावर हजारो घरांच्या भिंती उभ्या राहायच्या असतात.

मग मसुदा, म्हणजे कच्चा लेख, तयार होतो. तो कपाटात कुलूपबंद ठेवीत नाहीत. लोकांच्या अवलोकनासाठी तो खुला करतात आणि हरकती व सूचना पाठविण्यासाठी मुदत देतात. हरकत घेणाऱ्याने 'हे मला पसंत नाही' एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या कलमावर हरकत आहे, तिचे कारण काय आणि त्या जागी कोणते शब्द असावेत, हे तिन्ही त्याला सांगावे लागते. आलेल्या सूचनांचा समिती विचार करते. काही स्वीकारते, काही नाकारते. त्यानंतर लेख पक्का होतो, त्याला क्रमांक व वर्ष मिळते आणि राजपत्रात त्याची घोषणा होते.

मानकाची भाषा साहित्याच्या भाषेहून फार निराळी असते. 'भिंत मजबूत असावी' हे वाक्य कथेत शोभेल. मानकात त्याचा उपयोग नाही, कारण मजबूत म्हणजे किती हे त्यातून कळत नाही. तेथे जाडी मिलिमीटरमध्ये सांगावी लागते. 'असलेच पाहिजे' आणि 'असणे इष्ट' ह्या दोन शब्दप्रयोगांत बोलताना आपण फारसा भेद करीत नाही. मानकात मात्र पहिल्याचा अर्थ अट आणि दुसऱ्याचा अर्थ सल्ला. मसुदा लिहिणारा ह्या शब्दांत चुकला, तर अट सल्ला बनते आणि बांधणारा ती टाळू शकतो.

आता ज्या मानकाचा कळमनुरीशी निकटचा संबंध आहे, त्याकडे वळू. इमारती, धरणे, पूल इत्यादींची रचना करताना भूकंपाचा विचार कसा करावा, हे सांगणारे भारतीय मानक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा क्रमांक १८९३. त्यात भारताचा एक नकाशा होता व धोक्याच्या मानाने देशाचे सात विभाग पाडलेले होते. ह्या विभागांची सुरुवात शून्यापासून होई. शून्य विभाग म्हणजे जेथे भूकंपाचा विचार करण्याचे कारण नाही असा प्रदेश. १९६६ मध्ये ह्या मानकाची पहिली सुधारणा झाली. त्या काळची माहिती थोडी होती. पूर्वी कोठे धक्के बसले ह्यावरून पुढे कोठे बसतील हे ताडले जाई, आणि ज्या भूमीने कधी धक्का दिल्याची नोंद नव्हती ती भूमी निर्धास्त मानली जाई.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनानगर हादरले. कोयनेच्या नव्या धरणाजवळ झालेल्या ह्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. नकाशाने तर तो भाग कमी धोक्याचा ठरविला होता! समितीला आपला नकाशा पुन्हा उलगडावा लागला. १९७० च्या सुधारणेत सातांचे पाच विभाग झाले, कोयनेचा परिसर वरच्या विभागात गेला आणि शून्य विभाग नाहीसा झाला. भारतातील कोणत्याही भूभागात भूकंपाचा संभव अगदी शून्य आहे असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, हे समितीने मान्य केले. ज्यांनी तो शून्य लिहिला होता त्यांच्याच परंपरेतील विद्वानांनी तो पुसला, आणि का पुसला ते लिहूनही ठेवले. मानकाच्या इतिहासातील ही गोष्ट विशेष आदराची वाटते.

पुढे १९७५ व १९८४ मध्ये आणखी सुधारणा झाल्या. १९८४ च्या नकाशात लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा प्रदेश पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या भागात होता. किल्लारीला एक वर्ष आधीपासून लहान धक्के बसत होते. लहान धक्क्यांमागून मोठा येतोच असे नाही. बहुधा येत नाही. तेथे मात्र तो आला. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली गावे झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना भूमी कंप पावली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती.

नकाशा पुन्हा बदलणे प्राप्त होते. तो २००२ च्या, पाचव्या सुधारणेत बदलला. पहिला विभाग दुसऱ्यात मिळविण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला. हिंगोलीकडील प्रदेश त्या नकाशात दुसऱ्या विभागात होता. सहावी सुधारणा २०१६ मध्ये आली आणि त्यानंतरही फेरविचार चालूच राहिला. किल्लारीपासून २००२ पर्यंत नऊ वर्षे गेली, हा विलंब वाचकाला खटकेल, आणि तो खटकणे योग्यच आहे. सर्वांना विचारून बदल करण्याच्या रीतीत हा दोष असतोच.

ह्या साऱ्या बदलांत एक गोष्ट स्थिर राहिली. ती म्हणजे १८९३ हा क्रमांक. क्रमांकापुढील वर्ष तेवढे बदलत गेले: १९६२, १९६६, १९७०, १९७५, १९८४, २००२, २०१६. म्हणून जाणता अभियंता 'मानक १८९३' एवढेच म्हणून थांबत नाही. कोणत्या वर्षाचे, हे तो विचारतो. एखादी शाळा १९८० मध्ये बांधलेली असेल, तर ती बांधणाऱ्यांपुढे १९७५ ची आवृत्ती होती. त्यांनी नियम पाळला की नाही हे १९७५ च्या आवृत्तीवरून ठरवावे लागेल. ती शाळा आज किती सुरक्षित आहे हे मात्र नव्या ज्ञानावरून पाहावे लागेल. हे दोन प्रश्न भिन्न आहेत. जुन्या आवृत्त्या फाडून टाकल्या, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायमचे हरवेल. त्यासाठी नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत पूर्वीच्या प्रत्येक आवृत्तीचे वर्ष व महत्त्वाचे बदल नमूद केलेले असतात.

बदल लहान असेल, तर सबंध मानक नव्याने काढीत नाहीत. अशा वेळी दुरुस्तीपत्रक निघते व त्यालाही क्रमांक आणि तारीख असते. अमुक पानावरील अमुक कलमात अमुक शब्दांऐवजी अमुक शब्द वाचावेत, असा त्याचा थाट असतो. ह्याशिवाय दर मानकाकडे किमान पाच वर्षांतून एकदा पुन्हा पाहावे असा दंडक आहे. पाहून झाल्यावर ते आहे तसे कायम करतात, दुरुस्त करतात, नव्याने लिहितात किंवा कालबाह्य झाले असेल तर मागे घेतात.

एवढा खटाटोप करून लिहिलेले मानक सर्वत्र आपोआप पाळले जाते काय? तसे नाही. मानक म्हणजे कायदा नव्हे. कायद्याने किंवा करारपत्राने त्याचा उल्लेख करून ते बंधनकारक केले, तरच ते बांधणाऱ्यावर सक्तीचे होते. धरण बांधणारा अभियंता ते उघडून बसतो. खेड्यात स्वतःच्या हाताने घर बांधणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचत नाही. किल्लारीचा सारा दोष नकाशावर टाकणे म्हणूनच न्यायाचे होणार नाही. नकाशात तो भाग वरच्या विभागात असता, तरी तेथील बहुतेक घरे कोणतेही मानक पाहून बांधलेली नव्हती. त्या भिंती दोन-दोन फूट वा त्याहूनही जाड होत्या आणि वरून भक्कम दिसत. परंतु आतल्या व बाहेरच्या बाजूस दगडांचे दोन स्वतंत्र थर होते आणि मधली जागा दगडगोटे व माती ह्यांनी भरलेली होती. माथ्यावर लाकडी तुळया आणि त्यांवर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात, म्हणून लोकांना ती आवडत. पहाटे धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर दोन दिशांना फुटले आणि मातीचे ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

अशा दगडमातीच्या घरांसाठी क्रमांक १३८२८ चे निराळे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९३ ह्याच वर्षाची. ते श्रीमंतांच्या उंच इमारतींविषयी बोलत नाही. गावच्या गवंड्याला जमेल असे सांगते. भिंतीच्या जाडीइतके लांब दगड आरपार बसवावेत, म्हणजे आतला थर बाहेरच्या थराला बांधला जातो. असे दगड दर ६०० मिलिमीटर उंचीला असावेत आणि आडव्या दिशेने त्यांच्यामध्ये १.२ मीटरपेक्षा अधिक अंतर नसावे. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या घराभोवती एक सलग पट्टी फिरवावी. पिंपाला लोखंडी कडे बसविल्याने फळ्या जशा एकत्र राहतात, तशा तिच्यामुळे चारही भिंती एकत्र राहतात. घर आधीच बांधलेले असेल, तरी उपाय आहे. भिंतीतील दगड जपून काढून आरपार भोक पाडतात, त्यात दोन्ही टोकांना वाकविलेली लोखंडी सळई ठेवतात आणि भोक काँक्रीटने भरतात. किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या कित्येक जुन्या घरांच्या भिंती ह्याच रीतीने शिवून घेण्यात आल्या.