दोन स्मृतींची एक पेटी : हायब्रिड हार्ड डिस्क

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणकांच्या खरेदीची व दुरुस्तीची मोठी बाजारपेठ आहे. जुना लॅपटॉप घेऊन तेथे येणाऱ्या माणसाची एक नेहमीची तक्रार असते : “यंत्र सुरू व्हायलाच फार वेळ लागतो.” पुष्कळदा हा दोष गणन करणाऱ्या भागाचा नसून, माहिती साठविणाऱ्या तबकडीचा असतो. हा मंदपणा कशामुळे येतो आणि त्यावर कोणती युक्ती योजण्यात आली, ते आता पाहू.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी अखंड फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक वाचनशीर्ष इकडेतिकडे सरकते. लॅपटॉपमधील सामान्य तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचे सुमारे ११ सहस्रांश लागतात. हवा असलेला मजकूर शीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच सहस्रांश वाट पाहावी लागते. शीर्ष योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे १२ सहस्रांश जातात. समजा, यंत्र सुरू होताना विखुरलेले सहा हजार तुकडे वाचावयाचे आहेत. प्रत्येकी साडेसतरा सहस्रांश धरल्यास एकूण १०५ सेकंद, म्हणजे पावणेदोन मिनिटे होतात. यात वेळ जातो तो वाचण्यात नव्हे, तर शोधण्यात.

याउलट फ्लॅश स्मृतीत फिरणारा भागच नसतो. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या सूक्ष्म कोशांत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो आणि वीज गेली तरी तो टिकून राहतो. मजकूर शोधण्यास तिला सेकंदाच्या एका सहस्रांशाचा दहावा भागही पुरतो. वरील सहा हजार तुकडे ती एका सेकंदाच्या आत हाती देईल. परंतु प्रत्येक कोश ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो आणि तेव्हा ही स्मृती फार महागही होती.

मग दोहोंचा मेळ का घालू नये? ग्रंथालयातील व्यवहार आठवून पाहा. १९५१ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीसारख्या मोठ्या संस्थेत हजारो ग्रंथ कपाटांत असतात. ज्या ग्रंथांना वारंवार मागणी येते, ते चतुर ग्रंथपाल आपल्या मेजावरच ठेवतो. हायब्रिड डिस्क हेच करते. तबकडी हे कपाट, आणि फ्लॅश हे मेज. अशा जवळच्या साठ्यास कॅश म्हणतात. रोख पैशाच्या कॅशशी त्याचा उच्चारापुरताच संबंध. मूळ शब्दाचा अर्थ ‘लपवून ठेवलेला साठा’ असा आहे.

अशा डिस्का २००७ मध्ये बाजारात आल्या. पण त्यांना विंडोज व्हिस्टा या प्रणालीच्या साहाय्याची गरज होती. २०१० मध्ये सीगेट कंपनीने काढलेली डिस्क स्वतःच निर्णय घेऊ लागली. तिच्यात ५०० गिगाबाइटांच्या तबकडीसोबत केवळ ४ गिगाबाइट फ्लॅश होती. म्हणजे सव्वाशेवा हिस्सा! तरीही लाभ होई, कारण रोज लागणारा मजकूर एकूण साठ्याच्या मानाने थोडाच असतो. कोणते तुकडे वारंवार वाचले जातात याची नोंद ठेवून डिस्क त्यांची प्रत फ्लॅशमध्ये घेई. म्हणून पहिल्यांदा यंत्र सावकाश सुरू होई आणि दोनतीन वेळांनंतर त्यास वेग येई.

या युक्तीस मर्यादाही आहेत. प्रथमच उघडलेली फाइल तबकडीच्याच गतीने येते. लॅपटॉप हातातून पडून तबकडी निकामी झाली, तर फ्लॅशमधील प्रतीने सर्व मजकूर परत मिळत नाही. मेजावरील चार ग्रंथांवरून जळालेले ग्रंथालय पुन्हा उभारता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवणे अवश्य आहे.

पुढे फ्लॅश स्वस्त झाली आणि संपूर्ण फ्लॅशच्या एसएसडीने लॅपटॉपमध्ये हायब्रिड डिस्कची जागा घेतली. एखाद्या शाळेस जुने लॅपटॉप वापरात ठेवावयाचे असल्यास, नवी हायब्रिड डिस्क शोधीत बसण्यापेक्षा एसएसडी बसविणेच आज श्रेयस्कर होय. तथापि मूळ तत्त्व जुने झालेले नाही. जे वारंवार लागते ते हाताशी ठेवावे, हा नियम आजही प्रत्येक संगणकाच्या गणकात पाळला जातो.