आवळा-जांभूळ बाटलीत उतरले की काय उरते?

वस्तीत घरोघर फिरताना हल्ली फळीवर आवळा ज्यूसची किंवा जांभूळरसाची बाटली दिसते. रक्त कमी म्हणून, नाहीतर शुगर आहे म्हणून आणलेली. मजुरीच्या पैशातून ही बाटली येते, तेव्हा तिच्यात काय उरते ते माहीत असावे.

जांभळाचा आणि करवंदाचा गडद रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. परदेशी ब्लूबेरीत ज्याचे एवढे कौतुक, त्याच कुळातले. जांभळात ते सालीत सर्वांत जास्त असते. रस गाळून चोथा फेकला की मोठा वाटा चोथ्याबरोबर गेला. उरलेले उकळताना कमी होते आणि बाटली उजेडात, उकाड्यात राहिली की आणखी घटते. जांभळा रस तपकिरी पडू लागतो तो त्यामुळेच.

आवळ्यातले क जीवनसत्त्व त्याहून नाजूक. ते पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने नासते. आवळा आंबट असल्याने ते थोडा तग धरते, एवढेच. मोरावळ्यासाठी आपण आवळे टोचतो, तुरटीच्या पाण्यात ठेवतो, उकडतो आणि ते पाणी मोरीत ओततो. त्यासोबत बरेच काही वाहून जाते. वर साखर! मोरावळा चवीला खावा, औषध म्हणून नव्हे. आवळा कँडीचेही तसेच. उकडायचाच तर थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, आणि ते पाणी वरणात घाला. मिठाच्या पाण्यात घालायचे आवळे काचेच्या बरणीत ठेवा, तांब्या-पितळेच्या भांड्यात नको. किसून वाळवायचे तर सावलीत.

थंडीत बाजारात आवळा येतो तेव्हा अर्धा आवळा जेवतानाच चिरावा, मीठ लावून खावा. भाकरी, पालेभाजी, डाळ यांतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून सांगते, आशाताईने दिलेली लोहाची गोळी आवळ्याने सुटत नाही. गोळीही घ्या, आवळाही खा, चहा तासाभराने.

जांभळाच्या बियांच्या पावडरीवर भरवसा ठेवून शुगरची गोळी बंद करणाऱ्यांचे पाय मी ड्रेसिंगला पाहिले आहेत. दवाखान्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

बाटली घेतलीच तर मागचे बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्या. जो घटक वजनाने जास्त, त्याचे नाव आधी छापतात. पाणी आणि साखर पहिल्या दोन जागी असतील तर ते सरबत आहे. जांभळाच्या दिवसांत ज्येष्ठ-आषाढात फळ आख्खे, सालीसकट धुऊन खावे. एखाद्याकडे फ्रिज असेल तर गर सालीसकट डबीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठवल्याने रंग बराच टिकतो, आणि साखर लागत नाही.